विनोदी गाणी, गिटार आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा खानापूरचा, वय २२, बी. कॉम. झालेला, टिळकवाडीत एका अकाउंटंटकडं कामाला. पाच वर्षं गिटार वाजवतोय आणि गेलं वर्षभर बेळगावी मराठीत विनोदी गाणी रीलवर टाकतोय. चाली सिनेमाच्या, शब्द याचे. खड्ड्यांवरचं एक गाणं भरपूर फिरलं. आता विचारतोय की नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करू का, त्यासाठी पुण्याला जाऊ का, मराठी सोडून हिंदीत करू का, नवी गिटार कुठली घेऊ, आणि बँकेच्या परीक्षा दे म्हणून मागं लागलेल्या वडिलांना काय सांगू.

मी याच भागात गिटार गळ्यात अडकवून लोकांना हसवत बरीच वर्षं घर चालवतोय. म्हणून आधी उत्तरं देतो, कारणं मागून.

नोकरी आत्ता सोडू नकोस. पुण्याला जायची काही गडबड नाही. हिंदीत तर अजिबात जाऊ नकोस. वडिलांचं आणि गिटारचं शेवटी बघू. पण तू जे विचारलंच नाहीस तेच तुझं सगळ्यात मोठं दुखणं आहे: तुझी सगळी गाणी दुसऱ्याच्या चालीवर उभी आहेत. या धंद्यात पैसा आहे, पण तो ज्याची चाल त्याच्याकडं जातो. आज तुझ्याकडं फॉलोअर्स आहेत, हातात वादन आहे, जिभेवर विनोद आहे, आणि विकता येईल असं मात्र काहीही नाही.

खड्ड्यांच्या गाण्यावर यूट्यूबनं कॉपीराइटचा क्लेम लावला पण व्हिडिओ काढला नाही, म्हणजे चालतंय, असं तू लिहिलंयस. चालतंय ते कंपनीच्या मर्जीनं. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटेंट आयडी नावाची यंत्रणा तुझ्या आवाजातसुद्धा मूळ गाण्याची चाल ओळखते. मग हक्कदार कंपनी ठरवते की व्हिडिओ राहू दे आणि त्यावरच्या जाहिरातीचे पैसे आमच्याकडं वळव. हा क्लेम. त्याच कंपनीनं उद्या रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला तर तो स्ट्राइक. स्ट्राइक ९० दिवस टिकतो आणि त्या मुदतीत तीन झाले तर चॅनलच बंद होऊ शकतं. आजचा क्लेम हा उद्याचा परवाना नाही.

'विडंबनाला कायद्यात सूट आहे' हे तू कुणाकडून तरी ऐकलंयस. ते अमेरिकेचं आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ साली सांगितलं की पैसे कमावण्यासाठी केलेलं विडंबनसुद्धा न्याय्य वापरात बसू शकतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. त्यात खाजगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना मोकळीक आहे, विडंबनाचा शब्दही नाही. शिवाय तू त्या सिनेमाच्या गाण्याची थट्टा करतोयस का? नाही, तू रस्त्याची थट्टा करतोयस आणि गाणं नुसतं वाहन म्हणून वापरतोयस. असा वापर समीक्षेत बसवायला अमेरिकेतला वकीलसुद्धा घाम गाळेल. कव्हरसाठी, म्हणजे तेच गाणं स्वतः पुन्हा गाऊन काढण्यासाठी, कलम ३१सी आहे, पण तिथंही मूळ रेकॉर्डिंग होऊन पाच कॅलेंडर वर्षं उलटायला लागतात, आधी नोटीस आणि रॉयल्टी द्यायला लागते, आणि शब्द बदलायची मुभा नाही. विडंबनाच्या जोरावर चार दशकं टिकलेला गायक वीअर्ड अल यँकोविच अमेरिकेत राहूनसुद्धा मूळ कलाकाराची परवानगी मागतो. त्याच्याकडं वकील नाहीत असं नाही. त्याला त्याच लोकांच्यात राहायचं असतं.

मग बिनमालकीचं काय वापरता येतं? भरपूर. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात. एकनाथांची भारुडं सोळाव्या शतकातली, त्यांच्यावर कुणाचीही मालकी नाही, आणि विनोदी गाणं कसं बांधायचं याची तेवढी चांगली शाळा दुसरी नाही. जात्यावरच्या ओव्या, गोंधळातल्या चाली, शिमग्याची कवनं घे. आपण सीमेवरचे, म्हणजे पलीकडचंही आपलंच. कानडी संतकवी शिशुनाळ शरीफ १८८९ ला गेले, त्यांची तत्त्वपदं हुबळी-धारवाडपासून गोकाकपर्यंत लोकांच्या तोंडात आहेत आणि त्यांच्यातला तिरकस विनोद ऐकण्यासारखा आहे. पण इथं एक खाच आहे. शरीफांचे शब्द मोकळे आहेत, तरी कॅसेटमुळं घरोघरी गेलेल्या बऱ्याच चाली कानडी संगीतकार सी. अश्वथ यांनी बांधलेल्या आहेत आणि ते २००९ ला गेले. त्या चाली मोकळ्या नाहीत. तसंच एखाद्या ओवीची चाल परंपरेची असली तरी कुणीतरी स्टुडिओत केलेलं तिचं रेकॉर्डिंग त्याचंच राहतं. चाल आजीकडून घे, रेकॉर्डिंगवरून उचलू नकोस.

आणि स्वतःची चाल बांधणं तू समजतोस तेवढं अवघड नाही. सी, जी, ए मायनर, एफ या चार कॉर्डवर किती गाणी बसतात हे ऑस्ट्रेलियाच्या 'ॲक्सिस ऑफ ऑसम' या तिघांनी एकामागून एक गाजलेली गाणी त्याच चार कॉर्डवर गाऊन दाखवलं, आणि तोच त्यांचा जगभर गाजलेला विनोद ठरला. एवढी सर्वांनी वापरलेली कॉर्डची साखळी कुणाच्या नावावर नसते. मालकी असते ती तिच्यावर तरंगणाऱ्या सुरावटीची. विनोदी गाण्याला तर सुरावट साधीच हवी, कारण ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दांवर पाहिजे. आधी वाक्य बोल, तू खानापूर स्टँडवर मित्राशी बोलतोस तसं. त्यात आवाज कुठं चढतो, कुठं पडतो ते मोबाइलवर रेकॉर्ड कर. त्या चढउतारालाच सूर दे. 'काय करूलालास रे' या साध्या वाक्यात अर्धी चाल तयार असते. पुण्या-मुंबईच्या पोरांना ती जन्मात सुचणार नाही, म्हणून हिंदीत जाऊ नकोस म्हटलं. हिंदीत तुझ्यासारखे हजार आहेत, आणि त्यांची हिंदी तुझ्यापेक्षा चांगली आहे.

आता पैशाचं. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिले गेलेले लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवर जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा तुझा, शॉर्ट्सवर ४५ टक्के. पण शॉर्ट्समध्ये कंपनीचं एक गाणं वापरलंस, तर त्या शॉर्टच्या वाट्याचे निम्मे पैसे आधी संगीताच्या खात्यात जातात आणि उरलेल्या निम्म्यावर तुझे ४५ टक्के निघतात. दोन गाणी वापरलीस तर दोन तृतीयांश गेले. तू हिशेबाचा माणूस आहेस, स्वतःच करून बघ. स्वतःची चाल, स्वतःचं वादन असलं तर ही कपातच होत नाही.

तरीसुद्धा जाहिरातीच्या पैशावर घर चालेल असं समजू नकोस. १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यात येतच नाहीत, आणि मराठी शॉर्ट्सवर ते साठायला आपल्याकडच्या पावसाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. १० डॉलर झाले की पत्ता पडताळणीचा पिन पोस्टानं येतो. पॅन, बँक आणि ॲडसेन्स (यूट्यूबचे पैसे जिथून येतात ते गूगलचं खातं) या तिन्हीकडं नाव अक्षर न् अक्षर एकच ठेव, आणि पत्त्यात बेळगाव की बेळगावी हे २०१४ पासूनचं भांडण निदान तुझ्या कागदांत तरी नको.

बो बर्नहॅमचं नाव तू घेतलंयस. २००६ साली १६ वर्षांचा मुलगा मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या घरात बसून गाणी रेकॉर्ड करतो आणि भावाला दाखवायला यूट्यूबवर टाकतो, हे खरं. पण पुढचं बघ. तो गाणी घेऊन रंगमंचावर गेला, त्यानं दौरे केले, तिकिटावर कार्यक्रम केले, आणि पहिल्या दिवसापासून गाणी त्याची स्वतःची होती. न्यूझीलंडच्या 'फ्लाइट ऑफ द कॉनकॉर्ड्स' या जोडीचं तेच. दोघं, दोन गिटार, स्वतःच्या चाली. त्यातल्या ब्रेट मॅकेन्झीला पुढं २०१२ साली गाण्यासाठी ऑस्कर मिळालं, म्हणजे विनोदाखाली संगीत किती पक्कं असेल विचार कर. इंटरनेटनं यांना लोकांपुढं नेलं. घर चाललं ते तिकिटावर आणि गाण्यांच्या मालकीवर.

आता ज्या गोष्टीवर तू सगळ्यात कमी विचार केलायस तिच्यावर जरा थांबतो. तुझ्या व्हिडिओत गिटार एकसारखी घासली जाते. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तोच डाउन-डाउन-अप, आणि विनोद त्याच्याखाली गाडला जातो. विनोदी गाण्यात गिटारचं काम कधी गप्प बसायचं हे ठरवणं आहे.

माझंच एक गाणं सांगतो, म्हणजे कळेल. कुंद्यावरचं, म्हणजे आपल्या बेळगावच्या मिठाईवरचं आहे. सी मेजर, चाल जवळजवळ बोलल्यासारखी. 'पुण्याला निघालो, पिशवीत काय?' ही ओळ सी वरून एफ वर, 'काय' ला जी, आणि उत्तर 'कुंदा!' सी वर. दुसरी ओळ 'मामाच्या घरी न्यायचं काय?' पुन्हा 'कुंदा!' तिसऱ्यांदा 'साहेब रागावले, टेबलावर काय?' इथपर्यंत समोरचे लोक स्वतःच ओरडायला लागतात. मला ओरडायला सांगावं लागत नाही, बेळगावकर या शब्दाला लहानपणापासून तयार असतो. मग चौथी ओळ येते: 'शुगर निघाली तीनशेच्या वर, बंद केलं काय?' इथं मी जी सेव्हन धरतो आणि चार मात्रा अडकवून ठेवतो. या कॉर्डला घरी जायची ओढ असते, ती सी कडं खेचते. कान तिकडं जायला उतावीळ झालेला असतो, लोक 'कुंदा' ओरडतात, आणि त्याच क्षणी मी डाव्या हाताची बोटं सैल सोडून तारा बंद करतो. पूर्ण शांतता. मग कोरड्या आवाजात, सूर न लावता, एकच शब्द: 'डॉक्टर.'

सी कॉर्ड येतो तो हशा फुटल्यावर. आधी वाजवला तर विनोद मेला.

इथं चार गोष्टी ठरवून केलेल्या आहेत. फटका देणारा शब्द ओळीत अगदी शेवटी आहे, त्याच्यामागं 'बंद केला' वगैरे शेपूट नाही. तो 'कुंदा' च्याच जागी, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बसतो. त्या क्षणी तारा वाजत नाहीत, कारण प्लेक्ट्रमचा, म्हणजे तारा छेडायच्या पट्टीचा, खरखरीत आवाज नेमकी व्यंजनं खातो आणि 'डॉक्टर' मधला 'क्ट' ऐकूच आला नाही तर मागच्या रांगेतले लोक शेजाऱ्याला 'काय म्हटला ओ?' विचारत बसतात. आणि आधीच्या तीन ओळी नुसत्या गमतीच्या नाहीत, त्यांचं काम लोकांना सवय लावायचं आहे. सवय लावायला तीन ओळी पुरतात. पाच केल्या तर लोक पुढं काय येणार ते ओळखतात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडच्या कीर्तनात बुवा विनोदाचं वाक्य टाकतात तेव्हा पेटीवाला आणि तबलजी काय करतात ते कधी बघ. वाक्यापुरते दोघंही हात उचलतात, हशा ओसरायला लागला की पेटी हळूच सूर धरते. बेळगावात पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि इथल्या कानडी हेलाच्या मराठीतला विनोद त्यांनी रावसाहेबांच्या निमित्तानं अख्ख्या महाराष्ट्राला ऐकवला. पेटीवर बसले तरी बोलण्यातली त्यांची थांबायची जागा कधी चुकली नाही. तुझ्यामाझ्या शाळा या आहेत. यूट्यूबवरचे गिटारचे धडे बोटं शिकवतील, थांबणं शिकवणार नाहीत.

हेच गाणं रीलवर टाकताना मी वेगळं करतो. समोर लोक नसतात, म्हणून हशासाठी सोडलेली जागा तिथं पोकळ वाटते. तिथं तीनऐवजी दोन ओळींची तयारी, शांतता अर्ध्या मात्रेची, आणि 'डॉक्टर' नंतर लगेच तुकडा संपतो, म्हणजे माणूस पुन्हा लावतो. रंगमंचावर उलटं. हशा लांबला तर सी कॉर्डवर रेंगाळायचं, पुढची ओळ हशावर टाकायची नाही. तू दोन्हीकडं एकच आवृत्ती वापरतोस, म्हणूनच रीलवर चाललेलं गाणं तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पडलं. श्रोते वाईट नव्हते.

रंगमंच म्हटला की साउंड आला, आणि आपल्याकडं तो बहुधा गणपती मंडळाचा असतो. डीजेसाठी लावलेले बॉक्स, साउंडवाल्याला बास आवडतो, आणि तुझी गिटार पिकअपवरून (तारांचा आवाज वायरीत घेणारा भाग) जोडली की 'हूं' करून घोंघावायला लागते. गिटारच्या तोंडाला रबरी झाकण लाव, स्वतःचा डीआय बॉक्स (गिटार साउंडला नीट जोडून देणारी डबी) जवळ ठेव, आणि साउंडवाल्याला गोड बोलून २०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करायला सांग. त्याला आधी चहा पाज. गळ्याला फोनचा माइक आणि गिटारला वेगळा माइक अशी घरची व्यवस्था तिथं चालत नाही. घरी मात्र माइक गिटारच्या तोंडासमोर न ठेवता बाराव्या फ्रेटच्या समोर वीतभर अंतरावर ठेव, घुमणं निम्मं जाईल. आणि गाण्याची पट्टी निवडताना तुला ऐटीत किती वर जाता येतं ते बघू नकोस. बोलण्याच्या पट्टीच्या थोडं वर, जिथं प्रत्येक शब्द कळतो, तिथं कॅपो (पट्टी चढवायचा चिमटा) लावून बस. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम लक्षात ठेवून आपला नंबर किती वाजता येतोय तेही आधीच विचार. मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांची भाषणं लांबतात आणि कापला जातो तो कलाकार.

सीमेचं बोलायलाच पाहिजे, कारण तुझं 'बोर्डावरचं गाणं' मी ऐकलं. चाल चांगली आहे, तरी ते काढून टाक. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तुझ्या गाण्यानं त्याचा निकाल लागणार नाही. १ नोव्हेंबरला इथं एकाच दिवशी एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या गल्लीत मराठी माणसांचा काळा दिन असतो. झेंडा, पाटी आणि दुसऱ्याची भाषा यांच्यावर विनोद केलास तर व्ह्यूज मिळतील, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये भाषेच्या नावानं तेढ वाढवण्याचा गुन्हा आहे आणि तक्रार करायला माणसं दोन्ही बाजूंनी टपलेली असतात. त्याहून रोजचं सांगायचं तर, एकदा शिक्का बसला की उद्यमबागच्या कारखान्यांचे, केएलई किंवा गोगटेसारख्या कॉलेजांचे, लग्नांचे कार्यक्रम बंद. तिथले अर्धे श्रोते कानडी बोलणारे असतात आणि बऱ्याच घरांत दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात.

याचा अर्थ सीमेवर गाणं नको असा नाही. सीमेची गंमत आपल्या स्वतःच्या फजितीत शोध. शिनोळीला पोचायच्या आत मोबाइल महाराष्ट्रात जातो आणि माणूस अजून कर्नाटकात असतो. सीमेवर काही गडबड झाली की दोन्हीकडच्या बस कोगनोळीला थांबतात आणि आत बसलेली म्हातारी विचारते, 'पोरा, मी आता कुठल्या राज्यात अडकलोय?' ही गाणी मी दोन्हीकडच्या लोकांपुढं म्हटली आहेत, हसणारे सारखेच असतात. कानडी ओळ घालायची तर शेजारच्या कानडी मित्राला आधी ऐकव. चुकीचा हेल काढून केलेली नक्कल घरात चालते, स्टेजवर ती टिंगल होते.

पुण्याला जायचं का? आधी यूट्यूबच्या आकडेवारीत तुझे व्हिडिओ कुठल्या शहरात बघितले जातात ते उघडून बघ. मी पैज लावतो, बेळगावच्या खालोखाल पुणे, बेंगळूर, मुंबई आणि गोवा असेल. ही आपलीच माणसं, नोकरीला गेलेली, कुंद्याचा डबा घेऊन येणाऱ्याची वाट बघणारी. त्यांना बेळगावचा माणूस बेळगावात बसून गातोय हेच आवडतं. तू कोथरूडला भाड्याच्या खोलीत जाऊन बसलास की त्यांच्यासारखाच एक होशील, भाडं वेगळं. कार्यक्रमाला जा, राहायला जाऊ नकोस.

इथलं वर्ष कसं चालतं ते समजून घे. भाद्रपदात मंडळं, नवरात्रात खंडेनवमीला कारखाने, डिसेंबर ते मार्च कॉलेजांची गॅदरिंग आणि लग्नं. नोव्हेंबर ते मार्च चोर्ल्यातून खाली उतरलं की गोवा. गोव्यात विनोदी मराठी गाणी चालणार नाहीत, तिथं तीन तास इंग्रजी-हिंदी कव्हर वाजवायला लागतात. पण हात जेवढा तिथं तयार होतो तेवढा खोलीत होत नाही, आणि पैसे त्याच रात्री मिळतात. या सगळ्याच्या जोडीला शिकवण्या. खानापुरात आणि टिळकवाडीत पोरांना ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या संगीत परीक्षांच्या ग्रेडची तयारी करून देणारा शिक्षक आई-बापांना हवा असतो. विनोदी गायक म्हणून ओळख असली तर पोरं आपणहून येतात, कारण मास्तर हसवतो. या धंद्यातल्या बहुतेकांचं घर खरं तर शिकवण्यांवर चालतं, ते रीलमध्ये सांगत नाहीत एवढंच.

जाहिराती येतील. मिठाईवाला, सोनार, गाड्यांचं शोरूम. पहिल्यांदा वस्तू देऊन भागवायला बघतील. 'एक किलो कुंदा घ्या आणि गाणं करा' हे मला अजूनही ऐकावं लागतं. वर्षभरात एकाच व्यावसायिकाकडून मिळालेल्या वस्तूंची किंमत २० हजारांवर गेली तर त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम आहे, हे तुला मी काय सांगायचं. पैसे घेऊन केलेल्या गाण्यावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिही, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेचे नियम २०२१ पासून तेच सांगतात. आणि जाहिरातीच्या रीलमध्ये सिनेमाचं गाणं चुकूनही नको. इन्स्टाग्रामवरची लोकप्रिय गाणी धंद्याच्या वापरासाठी दिलेली नसतात, आणि नोटीस आली की दुकानदार तुझ्याकडं बोट दाखवून मोकळा होतो. इथंही स्वतःची चालच सोडवते. दुकानाला जिंगल करून दिलीस तर किती महिने, कुठं कुठं वाजवायची आणि चाल कुणाच्या नावावर राहणार हे निदान व्हॉट्सॲपवर लिहून घे. गाणी जमली की गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचा सभासद हो. ही संस्था १९६९ पासून आहे, गाणं जिथं जिथं वाजतं तिथली रॉयल्टी गोळा करून लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला देते. दुसऱ्याच्या चालीवर गाणाऱ्याला तिथं काही नाही.

आता वडील. बँकेच्या परीक्षा दे की. टॉम लेहररचं नाव तू ऐकलंयस का माहीत नाही. पियानोवर विनोदी गाणी म्हणणारा अमेरिकेतला हा माणूस २०२५ मध्ये गेला. त्यानं १९५३ साली पदरच्या पैशानं पहिली रेकॉर्ड काढून हार्वर्डच्या आवारात विकली, आणि आयुष्यभर गणित शिकवलं, हार्वर्डमध्ये, एमआयटीत, नंतर कॅलिफोर्नियात. मोजकी गाणी केली, ती अजून ऐकली जातात, आणि म्हातारपणी त्यानं ती सगळ्यांना फुकट वापरायला मोकळी करून दिली. पगार चालू होता म्हणून नको ते गाणं त्याला करायला लागलं नाही. तुझ्या वडिलांना हे सांगून फरक पडणार नाही, त्यांना वही दाखव. कार्यक्रम, शिकवण्या आणि जाहिराती यांचा महिन्याचा हिशेब एका बाजूला, घरखर्चात तुझा वाटा दुसऱ्या बाजूला. भाद्रपदात वही भरलेली दिसेल, तिच्यावर नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नकोस. जून-जुलैत, खानापुरात आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही आणि कुठं कार्यक्रम नसतो, तेव्हा नुसत्या शिकवण्यांवर आणि जुन्या गाण्यांवर भागतंय का ते बघ. लागोपाठ दोन पावसाळे भागलं तर वडील स्वतःच विषय काढतील.

राहिली गिटार. नवी घेऊ नकोस. तुझी आहे ती वाईट नाही, ती पावसानं फुगलेली आहे. तारा फ्रेटपासून वर गेल्यात, म्हणून तुझा एफ दुखतो आणि बेसूर लागतो. पावसाळाभर गिटार पेटीत ठेव, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाक, स्वस्तातला आर्द्रता मोजायचा काटा मिळतो तो ठेव आणि ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये राहतंय का बघ. गणपतीच्या आधी जाणकाराकडून सेटिंग करून घे, तारा ११ नंबरच्या लाव. नव्या गिटारचे वाचलेले पैसे चांगल्या पिकअपमध्ये घाल. फक्त तो बसवायला गिटारच्या शेपटाला भोक पाडायला लागतं, ते काम सुताराला देऊ नकोस, त्याला आतली पट्टी कुठं आहे हे माहीत नसतं.